जुन्या विंडोजला कुठवर साथ द्यायची?

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी

आपल्या होस्टेलमध्ये व्हीएलसी नसलेला लॅपटॉप शोधून दाखवा! पण हा प्लेअर मुळात होस्टेलमध्ये राहणाऱ्या पोरांनीच सुरू केला, हे किती जणांना माहीत आहे? पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजात १९९६ साली हा विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट म्हणून सुरू झाला. कॅम्पसचं नेटवर्क तिथे विद्यार्थीच सांभाळत असत. नेटवर्क जुनं आणि संथ होतं. नवं हवं तर काहीतरी भक्कम कारण दाखवायला पाहिजे, म्हणून उपग्रहावरून येणारा टीव्ही नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत पोचवायचा अशी कल्पना निघाली. (खरं कारण गेम्ससाठी स्पीड हवा होता, असंही सांगतात. पोरं सगळीकडे सारखीच!) पुढे १ फेब्रुवारी २००१ रोजी हा कोड जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुला झाला.

आता माझ्या विषयाकडे येतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केला. व्हीएलसीचं ३.० हे व्हर्जन आलं फेब्रुवारी २०१८ मध्ये, आणि ते एक्सपीवर चालत होतं! ज्यांनी एक्सपी विकलं त्यांनी हात वर करून चार वर्षं झाली होती, आणि फुकट सॉफ्टवेअर देणारी मंडळी अजून साथ देत होती. एक्सपी आणि व्हिस्टावर चालणारी ही शेवटची शाखा, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. उलट पायथनवाल्यांनी २०१५ सालीच ३.५ व्हर्जनपासून एक्सपीला रामराम ठोकला होता. दोन्ही ओपन सोर्स, दोन्हीकडे हुशार माणसं. मग एवढा फरक का? ऑपरेटिंग सिस्टिमचं कुठलं व्हर्जन ठेवायचं आणि कुठलं सोडायचं हे नक्की कशावरून ठरतं, ते या लेखात बघू. सिलॅबसमध्ये हा टॉपिक नाही, पण ज्यांना बी. ई. प्रोजेक्ट गिटहबवर टाकायचा आहे त्यांना तो लागणारच.

‘चालतं’ आणि ‘सपोर्ट आहे’

सगळ्यात आधी हा घोळ मिटवला पाहिजे. ‘माझ्या रूम पार्टनरच्या विंडोज ७ वर चालतं’ हे एक वाक्य झालं. ‘विंडोज ७ ला आमचा सपोर्ट आहे’ हे अगदी वेगळं वाक्य. पहिलं नुसतं निरीक्षण आहे, आणि तेही एका मशीनवरचं, एका संध्याकाळचं. दुसरं वचन आहे. म्हणजे प्रत्येक रिलीजच्या आधी आम्ही तिथे टेस्ट करू, तिथला बग आला तर ‘नवीन विंडोज टाका’ असं सांगून कटवणार नाही, आणि तिथे काही मोडलं असेल तर रिलीज थांबवू. हे वचन दर रिलीजला पाळावं लागतं, आणि पाळणारा मेंटेनर (मला याला ‘राखणदार’ म्हणावंसं वाटतं) बहुतेक वेळा पगाराशिवाय, रात्री जेवण झाल्यावर काम करत असतो.

रस्ट या भाषेच्या लोकांनी यासाठी सरळ तीन पायऱ्या केल्या आहेत. पहिल्या पायरीवरच्या सिस्टिमवर प्रोग्रॅम चालेलच याची हमी. दुसरीवर फक्त बिल्ड होईल याची हमी. तिसरीसाठी कोड आहे, पण त्यांच्याकडून आपोआप बिल्ड किंवा टेस्ट काही होत नाही. मे २०२४ मध्ये रस्ट १.७८ आलं तेव्हा विंडोजसाठी किमान अट विंडोज १० झाली, आणि विंडोज ७ साठी वेगळं टार्गेट करून ते तिसऱ्या पायरीवर बसवलं. मला ही पद्धत फार आवडते. दार बंद केलेलं नाही, पण दारात कोणी उभं आहे असं खोटंही सांगितलेलं नाही.

पण जुन्यावर मोडतं का?

सेकंड इयरच्या मुलांना वाटतं की आपण विंडोज ७ च्या विरोधात काही लिहिलंच नाही, तर ते तिथे चालेलच. तसं नसतं. एक साधं उदाहरण घेऊ. कॉम्प्युटर सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले हे सांगणारं गेटटिककाउंट नावाचं विंडोजचं फंक्शन आहे. ते ३२ बिटांचं, म्हणून साधारण ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतं. सर्व्हर दोन महिने बंद केला नाही की गणित चुकलं. म्हणून तुम्ही शहाणपणाने गेटटिककाउंट६४ वापरता. आता गंमत अशी की हे फंक्शन व्हिस्टापासून आलं. एक्सपीवर तुमचा प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. ‘प्रोसिजर एंट्री पॉइंट कर्नेल३२ मध्ये सापडला नाही’ असा डबा समोर येईल. ते फंक्शन तुम्ही एखाद्या कोपऱ्यातल्या मेनूत एकदाच वापरलं असलं तरी! कारण एक्झी फाइल लोड होतानाच लोडर त्यातल्या इम्पोर्ट्सची सगळी यादी जुळवून बघतो. यादीतलं एक नाव सापडलं नाही तर मेनूपर्यंत जायची वेळच येत नाही.

यावर उपाय आहे. गेटप्रॉकअ‍ॅड्रेस वापरून प्रोग्रॅम चालू असताना ते फंक्शन आहे का बघायचं. असेल तर ते वापरायचं, नसेल तर जुनं. पण त्यामुळे कोडला दोन वाटा फुटल्या, आणि दोन्ही वाटा टेस्ट करायला हव्यात. जुनी वाट फक्त जुन्या मशीनवरच चालते, आणि तुमच्या लॅपटॉपवर तर विंडोज ११ आहे. मग तिच्यातला बग तुम्हाला दिसणार कसा? जुनं व्हर्जन ठेवण्याचा खरा खर्च हा आहे. चार ओळी जास्त लिहिण्याचं कोणाला काही वाटत नाही, त्या चार ओळी आयुष्यभर तपासत राहण्याचं वाटतं.

लिनक्सवाल्यांनी हसू नये, त्यांच्याकडे वेगळाच ताप आहे. तिथे जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम जीलिबसी या सी लायब्ररीवर उभा असतो आणि तिच्या फंक्शनना व्हर्जनचं लेबल लावलेलं असतं. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. तुम्ही २२.०४ वर कंपाइल केलेली फाइल २०.०४ वर नेली की ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’ असं उत्तर मिळू शकतं. उलट दिशेने, म्हणजे जुन्यावर केलेलं नव्यावर, सहसा चालतं. म्हणून लिनक्सवर बायनरी वाटायची असेल तर मुद्दाम सगळ्यात जुन्या सिस्टिमवर बिल्ड करतात. पायथनच्या मॅनीलिनक्स२०१४ या पॅकेजांचा पाया सेंटओएस ७ होता, म्हणजे जीलिबसी २.१७. तुमच्या प्रोग्रॅमची किमान अट तुम्ही रीडमीमध्ये लिहिता असं तुम्हाला वाटतं. खरं तर ती तुमच्या बिल्ड मशीनने आधीच लिहून ठेवलेली असते.

इथे एक मराठी उदाहरण द्यायचा मोह होतो. युनिकोड देवनागरी विंडोज ९८ मध्ये नव्हतीच, ती विंडोज २००० पासून आली, आणि एक्सपीमध्येही रीजनल सेटिंग्जमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकोनात टिक करावी लागे. म्हणजे त्या काळी युनिकोड मराठीत सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची खालची हद्द लिपीनेच ठरवली होती. कधीकधी चर्चा करायला जागाच नसते.

कोणी काय ठरवलं?

पायथनचा नियम सगळ्यात सुटसुटीत आहे. नवं व्हर्जन ज्या दिवशी बाहेर पडतं त्या दिवशी मायक्रोसॉफ्टचा एक्स्टेंडेड सपोर्ट ज्या विंडोजला चालू असेल, ती सगळी चालणार. आणि त्या व्हर्जनच्या पुढच्या बगफिक्स रिलीजमध्येही तीच राहणार. कागदावर कोरडं वाटतं, पण परिणाम बघा. पायथन ३.८ आलं ऑक्टोबर २०१९ मध्ये. विंडोज ७ संपलं १४ जानेवारी २०२० रोजी. फक्त तीन महिन्यांच्या फरकाने विंडोज ७ आत राहिलं, आणि ३.८ चं आयुष्य ऑक्टोबर २०२४ पर्यंत असल्यामुळे त्याला जवळजवळ पाच वर्षं जास्त मिळाली. असंच पुन्हा घडलं आहे. पायथन ३.१४ आलं ७ ऑक्टोबर २०२५ रोजी, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला १४ ऑक्टोबरला. एका आठवड्याने वाचलं! या नियमात दयामाया नाही, पण भांडणही नाही. कुणाच्या काकांच्या मशीनवर काय आहे याची चर्चा करावीच लागत नाही, कॅलेंडर बघितलं की झालं.

फायरफॉक्सची रीत वेगळी. ते जुन्या विंडोजवाल्यांना एका दीर्घ मुदतीच्या शाखेवर नेऊन ठेवतात. तिथे नवीन फीचर नाही, पण सिक्युरिटीचे पॅच मिळत राहतात. एक्सपी आणि व्हिस्टासाठी ५२ वी शाखा होती, ती २०१८ मध्ये संपली. विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी जुलै २०२३ ची ११५ वी शाखा. ती आधी सप्टेंबर २०२४ पर्यंतच ठेवायचं ठरलं होतं, मग मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. माणुसकीच्या दृष्टीने मला हे सगळ्यात चांगलं वाटतं, कारण ब्राउझर हा थेट इंटरनेटला तोंड देणारा प्रोग्रॅम. पॅचशिवाय तो चालवणं म्हणजे होस्टेलची खोली उघडी टाकून सुट्टीला घरी जाणं. पण दोन शाखा सांभाळायला पगारी माणसं लागतात. मोझिलाकडे ती आहेत. चौघांच्या प्रोजेक्टने ही नक्कल केली तर दोन्ही शाखा मरतील.

आता फसलेलं उदाहरण. व्हीएस कोड तुम्ही सगळे वापरता, त्याचा बराचसा कोड ओपन सोर्स आहे. २०२४ च्या सुरुवातीला १.८६ व्हर्जन आलं आणि त्यात दूरच्या लिनक्स सर्व्हरवर किमान जीलिबसी २.२८ लागेल अशी अट आली. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७, सेंटओएस ७ मध्ये २.१७. लॅपटॉपवरचा व्हीएस कोड आपोआप अपडेट झाला, आणि सकाळी लोकांना आपल्याच सर्व्हरला जोडता येईना! सर्व्हर अपग्रेड करा म्हणावं तर तो त्यांचा नव्हे, कॉलेजचा नाहीतर कंपनीचा. रूट पासवर्ड दुसऱ्याकडे. शिवाय सेंटओएस ७ तेव्हा अधिकृतपणे जिवंत होतं, ते संपायचं होतं ३० जून २०२४ ला. एवढा आरडाओरडा झाला की काही दिवसांतच १.८६.१ काढून जुन्या सर्व्हरना इशाऱ्यासह बारा महिन्यांची मुदत दिली गेली. २०२५ च्या मार्च व्हर्जनमध्ये तीच अट परत लागू झाली तेव्हा मात्र सगळ्यांना वर्षभर आधी माहीत होतं. अट तीच, आकडा तोच, फरक फक्त एका वर्षाच्या नोटिशीचा. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वात शिकण्यासारखा प्रसंग आहे.

डाउनलोडचे आकडे बघून ठरवा, असं कोणी सुचवेल. बघावेत, पण जपून. डाउनलोडच्या लॉगमध्ये तोच दिसतो जो डाउनलोड करतो. डेबियनमध्ये कुठलं पॅकेज किती वापरतात हे मोजणारी सोय आहे, पण ती ज्याने स्वतःहून चालू केली त्याचंच मोजते. ज्या मशीनला इंटरनेटच नाही, ज्यावर पेनड्राइव्हने सॉफ्टवेअर जातं, ते कुठल्याच ग्राफमध्ये येत नाही. आणि आपल्याकडे अशी मशीन किती आहेत हे एखाद्या गावच्या शाळेतली कॉम्प्युटर रूम बघितलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही.

मेसचं मशीन

हे सगळं मी एवढं खोलात का गेलो, त्यालाही कारण आहे. आमच्या विंगमधल्या चौघांनी फर्स्ट इयरला मेसच्या हिशेबाचा एक प्रोग्रॅम पायथनमध्ये केला: कोणाचे खाडे किती, गेस्ट किती, फीस्टचे जादा किती, महिन्याचं बिल किती. तो आम्ही ओपन सोर्स म्हणून ठेवला आणि आणखी दोन होस्टेलांनी उचलला. आपल्या मेसच्या ऑफिसातलं मशीन विंडोज ७ चं आहे, दोन जीबी रॅम, इंटरनेट नाही. त्याला जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच्या ड्रायव्हरसकट तिथेच नीट चालतो. मेसचे काका म्हणतात, ‘‘प्रिंटर चालतोय तोवर हात लावायचा नाही बघा.’’ त्यांचं चूक नाही. बिल छापून नाही निघालं तर शिव्या त्यांना बसतात, आम्हाला नाही.

या वर्षी आमच्यात वाद सुरू झाला. एकाला ३.१० पासून आलेलं मॅच-केस वापरायचं होतं. पण विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढे जाता येत नाही. ३.९ चा इन्स्टॉलर तिथे नकार देतो. दुसऱ्या मशीनवरून फोल्डर उचलून टाकला तर ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’ नावाने सुरू होणारी डीएलएल नाही म्हणून रडतो, कारण ते फंक्शन विंडोज ८ पासूनचं. (ही डीएलएल कुठल्याही अनोळखी साइटवरून उतरवून टाकू नका. वाईट सवय आहे.) नुसत्या मॅच-केससाठी काकांचं मशीन सोडायचं याला मी विरोध केला, खाडे मोजायला इफ-एल्स पुरतं. पण दुसऱ्या मित्राचा मुद्दा खरा होता: ३.८ ला ऑक्टोबर २०२४ नंतर सिक्युरिटी पॅच नाहीत, आणि बाकीच्या दोन होस्टेलांना बिल ई-मेलने पाठवायचं आहे, म्हणजे त्यांची मशीन इंटरनेटवर असणार. त्यांना ३.८ वर अडकवणं योग्य नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय पसरला तेव्हा बाधित झालेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती, आणि त्यासाठीचा पॅच दोन महिने आधीच, मार्चमध्ये आलेला होता! म्हणून नुसतं ‘विंडोज अमुक चालेल’ लिहून भागत नाही, ‘सर्व अपडेट्ससह’ हे दोन शब्द लागतात.

तिसरी अडचण टेस्टिंगची. आमच्या टेस्ट गिटहबच्या मशीनवर आपोआप चालतात. तिथे विंडोज ७ मिळतच नाही, आणि उबुंटू २०.०४ सुद्धा एप्रिल २०२५ मध्ये काढून टाकलं. म्हणजे विंडोज ७ साठी पेनड्राइव्ह घेऊन कोणीतरी मेसमध्ये जाऊन बसलं पाहिजे. आम्ही विचारलं, कोण जाणार? आठवडाभर चाललेला वाद त्या एका प्रश्नाने पाच मिनिटांत मिटला. दोघे तयार झाले. त्यांच्या नावावर विंडोज ७ राहिलं. कोणी तयार झालं नसतं तर ‘सपोर्ट आहे’ हे लिहिणं म्हणजे काकांना फसवणंच होतं.

नवीन मशीन घ्या म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती: विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या अधिकृत यादीत नाहीत. म्हणजे मेसचं मशीन उद्या कसंबसं विंडोज १० वर नेलं तरी पुढची पायरी बंदच आहे. लिनक्स टाकता येईल, आम्ही एका जुन्या मशीनवर डेबियन टाकून बघितलं, प्रोग्रॅम उत्तम चालला. प्रिंटरवर बिलाच्या रेघा सरकतात, त्यावर काम चालू आहे.

तर सध्या आमच्या रीडमीमध्ये असं लिहिलं आहे: ‘मुख्य शाखा: विंडोज १० आणि ११, सर्व अपडेट्ससह, उबुंटू २२.०४ आणि पुढे. यांवर प्रत्येक रिलीज टेस्ट होतो. विंडोज ७: वेगळी शाखा, पायथन ३.८, फक्त इंटरनेट नसलेल्या मशीनसाठी. यात नवीन फीचर येणार नाही, हिशेबातली चूक मात्र दुरुस्त होईल. ही शाखा ३१ मे २०२७ रोजी बंद होईल. शेवटची सेटअप फाइल त्यानंतरही डाउनलोडला राहील. इतर सिस्टिम: पॅच पाठवा, तपासून घेऊ.’

३१ मे ही तारीख अशासाठी की तेव्हा आमची बॅच बाहेर पडते आणि पेनड्राइव्ह घेऊन जाणारे ते दोघेही. त्यापुढे ही शाखा चालू राहावी असं सेकंड इयरमधल्या कोणाला वाटत असेल तर त्यांनी या टर्मलाच येऊन भेटावं. मशीन मेसच्या ऑफिसात आहे, दुपारी तीन ते पाच मोकळं असतं. काकांना आधी विचारा.